तो नमुना नळाच्या पाण्याचा नव्हता

एका खरं बोलणाऱ्या मुलाला मी सगळ्या मैदानासमोर लबाड म्हणालो. तो तिथल्या तिथे पुरावा द्यायला तयार होता, तरी मी तो घेतला नाही. आणि हे सगळं कशावरून, तर माझ्या सगळ्यात लाडक्या विषयावरून : माणसाच्या अंगात पाणी किती आहे, ते चटकन कसं ओळखायचं.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे लष्करातल्या आठवणी मागितल्या होत्या. पण लष्करात मी बंदूक कमी आणि थर्मामीटर जास्त धरला. मी नर्सिंग असिस्टंट होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता साताऱ्याजवळच्या एका भरतीपूर्व अकादमीत मुलांची तब्येत सांभाळतो. सातारा-सांगलीकडची ही पोरं. कुणाचे वडील उसाच्या फडातले, कुणाचा काका फौजेत, कुणाचं बाजारपेठेत दुकान. सगळ्यांना सोळाशे मीटर पळून वर्दी मिळवायची असते. अकादमी चालवतात ते निवृत्त सुभेदार, त्यांना सगळे सुभेदारसाहेब म्हणतात. मला पोरं उस्ताद म्हणतात.

लष्करात असताना वाळवंटातल्या तळावर एक धडधाकट जवान पाण्यावाचून कोसळताना मी पाहिला होता. कोसळण्याआधी तो हसत होता, ‘ठीक हूं’ म्हणत होता. तेव्हापासून मला हे वेडच लागलं. माणूस सांगतो ते सोडा, त्याचं शरीर काय सांगतंय ते बघा. आणि शरीर किती बोलतं, हो! तुम्हीही आत्ता, अंक हातात असताना, करून बघा.

जीभ गालाच्या आतून फिरवा. सुळकन फिरली तर बरं, चिकटत चिकटत गेली तर पाणी प्या. अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख लगेच गुलाबी व्हायला हवं. (पण हात गार असतील तर ते उशिराच होणार, म्हणून हिवाळ्यात मी आधी पोरांना तळहात चोळायला लावतो.) कातडीला चिमटा घेऊन सोडा, वळी लगेच मोडली पाहिजे. आडवे असताना नाडी मोजा, मग उभे राहून मोजा. उभं राहिल्यावर ती फारच धावायला लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तातलं पाणी उतरलंय. पळून आलेल्या पोराच्या काळ्या बनियनवर पांढरे नकाशे उमटले असतील तर त्याच्या अंगातून नुसतं पाणी नाही, मीठही गेलंय.

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात खरं माप म्हणजे वजनकाटा. पळण्याआधी एकदा, पळून आल्यावर घाम पुसून एकदा. मधे एक किलो गेलं तर ते पाणी गेलं, चरबी नव्हे. एवढ्या वेळात चरबी जात नसते. पोरांना हे पटता पटत नाही. किलो कमी झालं की ती खूश होतात, मी त्यांच्या हातात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली ठेवतो की तोंडं उतरतात.

आणि मग लघवीचा रंग. पहाटे पळण्याआधी प्रत्येकाने कागदी पेल्यात थोडा नमुना द्यायचा, भिंतीवर लावलेल्या रंगीत पट्ट्यांशी मी तो ताडून बघायचो. पोरांनी रंगांना स्वतःची नावं दिली होती. फिकट म्हणजे सरबत, पिवळा म्हणजे गुळवणी, तांबूस म्हणजे काकवी. सरबतवाल्याने पळायचं, गुळवणीवाल्याने दोन पेले पाणी पिऊन पळायचं, काकवीवाल्याने बसायचं. बाहेरून आलेल्या पाहुण्याला पहाटे मैदानावर ‘आज तुझी काकवी का रे?’ असं ऐकू आलं की तो चमकून बघायचा.

या धंद्यात फजितीही पुष्कळ. एकदा कोयनानगरच्या बाजूला घाटात पळायचा सराव होता. तिथल्या एका वाडीत मी हौसेने म्हाताऱ्या माणसांची तपासणी मांडली. एका आजोबांच्या मनगटामागे चिमटा घेतला तर कातडी तंबूसारखी उभीच. माझी धांदल उडाली. जीप बोलवा, यांना सलाईन लावायला पाहिजे, म्हणून मी ओरडाआरडा केला. आजोबा शांतपणे माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “आवं साहेब, कातडी म्हातारी झालीया, मी न्हाई.” गळ्याखाली छातीच्या हाडावर चिमटा घेऊन पाहिला, वळी तिथल्या तिथे मोडली. आजोबा मला मागे टाकून चढ चढून गेले. म्हाताऱ्या हातावरचा चिमटा खोटं सांगतो, हे पुस्तकात वाचलेलं मला त्या दिवशी कळलं.

दुसरी फजिती कातडी मोजायच्या पेनाची. माझी पुतणी सांगलीत ब्युटी पार्लर चालवते. तिने पेनासारखं एक यंत्र आणलं. गालाला टेकवलं की कातडीत पाणी किती, ते टक्क्यांत सांगतं. मी ते आठवडाभरासाठी मागून आणलं आणि सगळ्या अकादमीचे गाल मोजले. ज्याने तोंड धुतलं त्याचा आकडा वर, ज्याने वाऱ्यात पळून घेतलं त्याचा खाली. पाण्याने तुडुंब असलेल्या पोराचाही गाल कोरडा ठणठणीत. गंमत म्हणजे सगळ्यांत कोरडे हात निघाले ते स्वयंपाक करणाऱ्या शालनमावशींचे. त्या म्हणाल्या, “सारा दिस पान्यात हात, आन् म्हनं कोरडं. टाका ती काडी चुलीत.” पण काडी खरंच सांगत होती. भांड्याचा साबण कातडीवरचं तेल काढून नेतो, मग तिथे पाणी टिकत नाही. यंत्र मोजत होतं ते वरच्या पापुद्र्यातलं पाणी, आणि मी समजत होतो ते अंगातलं. मावशींना पाणी पिण्याची नव्हे, खोबरेल तेलाची गरज होती.

एवढं सगळं येत असल्याचा मला गर्व होता. तोच नडला.

नमुन्याच्या पेल्यात लबाडी करता येते, हे मला फलटणकडच्या विक्रमने शिकवलं. त्याला काकवी आली की बसावं लागायचं, म्हणून एका सकाळी त्याने नळाचं पाणी भरून आणलं. मी पेला हातात घेतला, तो गारठलेला. ताजा नमुना कोमट असतो. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. विक्रम कान पकडून म्हणाला, “उस्ताद, चुकलो, पर पळू द्या की.” त्याला मैदान झाडायला लावलं आणि माफ केलं. तेव्हापासून प्रत्येक पेला हातात घेऊन बघायचा, असा माझा नियम झाला.

शिराळ्याचा समीर नदाफ विक्रमच्याच खोलीत राहायचा. त्याच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान. घरातून भरतीला आलेला समीर पहिलाच. उंच, कमी बोलणारा, आणि काय पळायचा तो! शेवटच्या फेरीत तो वळणावरून बाहेर पडला की मी घड्याळ बघायचं विसरून ओरडत सुटायचो. सुभेदारसाहेब म्हणायचे, हे पोरगं आपलं नाव काढणार.

माघातली थंडी होती. समीरचं वजन उतरायला लागलं. रोज थोडं थोडं. भाकरी दुसऱ्यांपेक्षा जास्त खायचा, पाणी तर इतकं प्यायचा की पोरं त्याला टँकर म्हणायला लागली. तरी ओठ फुटलेले, जीभ लाकडासारखी, छातीवरचा चिमटा रेंगाळायचा. शेवटच्या फेरीत तो आता मागे पडायचा. मी विचारलं की म्हणायचा, काय न्हाई उस्ताद, थंडीनं झालंय. आणि पेल्यातला नमुना मात्र नितळ, झऱ्यासारखा. सरबतापेक्षाही फिकट.

माझ्यापुढे दोन साक्षी उभ्या होत्या. जीभ, कातडी, वजनकाटा म्हणत होते की हा कोरडा पडतोय. पेला म्हणत होता की हा भरलेला आहे. आपल्या मापात काहीतरी उणं आहे का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि खोटं बोलू शकतो तो पेला.

त्या सकाळी दुसऱ्या तुकडीची वजनं घेण्यात मला उशीर झाला. मी आलो तेव्हा सगळे पेले कठड्यावर केव्हाचे मांडलेले, सगळेच गार. माझा कोमटपणाचा नियम त्या दिवशी लावताच येत नव्हता. तरी मी समीरचा पेला उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हणालो, “हे नळाचं पाणी हाय. वर्दी अंगावर यायच्या आधीच फसवायला शिकलास.”

 समीरचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

“उस्ताद, म्या लबाडी केली न्हाई. आत्ता देतो. तुमच्या म्होरं देतो.”

“आता नाटकं नकोत.”

विक्रम रांगेतून पुढे आला. म्हणाला, “उस्ताद, ही लबाडी मी केलीया, कशी करत्यात ते मला म्हाईत हाय. समीर तसला न्हाई.”

मी त्याला म्हणालो, चोराची साक्ष चोराला. दोन-चार पोरं हसली. ते हसू मला अजून ऐकू येतं.

लबाडी करणाऱ्याला घरी पाठवायचं, हा अकादमीचा कायदा. विक्रमची लबाडी मी पोटात घातली होती, कारण त्याने हसत हसत कबूल केलं होतं. समीर कबूल करत नव्हता, म्हणून मला तो जास्त निगरगट्ट वाटला. न केलेल्या गोष्टीची कबुली माणूस कुठून आणणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि विक्रमला एक माप आणि समीरला दुसरं, यामागे समीरचं आडनावही होतं का, हा प्रश्न मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा विचारला. नव्हतं, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

सुभेदारसाहेब यायचे होते. त्यांना दाखवायला म्हणून मी तो पेला ऑफिसच्या खिडकीत ठेवला, बाकीचे ओतून टाकले. समीरला पायरीवर बसवलं. तो सारखा उठून नळावर जात होता, ओंजळ ओंजळ पाणी पीत होता, पुन्हा येऊन बसत होता. मी खिडकीतून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता बघा कसं पाणी पिऊन दाखवतोय.

साहेब आले. त्यांनी पेल्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, “तुम्ही म्हणता म्हणजे झालं.” समीरने पिशवी भरली. ट्रंक नंतर नेतो म्हणाला. जाताना माझ्या पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतला.

जेवण झाल्यावर मी पेला टाकायला खिडकीशी गेलो. चौकटीच्या फटीतून काळ्या मुंग्यांची एक ओळ निघाली होती. कठड्यावरून, पेल्याच्या कडेवरून, आत. कडेला मुंग्यांचं कडंच झालं होतं.

साध्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत.

कुणी पाठीत लाथ घालावी तसं झालं. तहान, भूक, उतरणारं वजन, नितळ लघवी. लष्करी इस्पितळात या चार गोष्टी मी नवीन पोरांना पाठ करायला लावायचो. मधुमेहात रक्तातली साखर भरमसाट वाढली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि साखरेबरोबर अंगातलं पाणीही ओढून नेतं. म्हणून लघवी पाण्यासारखी आणि माणूस कोरडा. दोन्ही साक्षी खऱ्या होत्या. मला सगळं माहीत होतं, पण पट्ट्यांच्या रंगापलीकडे मी बघितलंच नाही.

मी विक्रमला हाक मारली. समीरचा फोन बंद. विक्रमने त्याच्या घरी फोन लावला, वडील म्हणाले, तो कुठं आलाय, तो तर तुमच्याकडं हाय ना. विक्रमने काहीतरी सांगून फोन ठेवला. मी मोटरसायकल काढली, तो मागे बसला. सातारा स्टँडवर धावतच विचारलं. कऱ्हाडची गाडी गेली होती, आणि शिराळ्याला जायला कऱ्हाडला गाडी बदलावी लागते. आम्ही हायवेला लागलो. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून, मधून, कडेने. आयुष्यात मी इतक्या जोरात गाडी हाणली नाही. विक्रम मागून कानात ओरडत होता, “उस्ताद, सावकाश, आपुन पोचलो तर पायजे.” मी प्रत्येक येणाऱ्या एसटीच्या काचेत समीर शोधत होतो. जणू तो परत येणार होता.

कऱ्हाड स्टँडवर सगळे बाक पालथे घातले. विक्रमलाच तो दिसला. कोपऱ्यातल्या बाकावर आडवा, पिशवी उशाला. आजूबाजूला माणसं लांब लांब बसलेली. एक कंडक्टर म्हणाला, दारू पिऊन पडलाय. शेजारचा रसवंतीवाला म्हणाला, “तसं न्हाई वाटत ओ. तान लागलीया म्हनून गिलासावर गिलास रस पिला, आन् मग वकला.”

उसाचा रस. तहानेने मरणारा पोरगा साखरच पीत बसला होता.

मी वाकलो. श्वास खोल, घाईचा, मैलभर पळून आल्यासारखा, आणि तोही झोपलेल्या माणसाचा. त्या श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा वास. साखर फार चढलेल्या रोग्याचा हा वास मी ओळखतो. समीरने डोळे उघडले, मला पाहिलं आणि म्हणाला, “उस्ताद, मी खोटं…” आणि पुन्हा मिटले.

विक्रमने त्याला पाठीवर घेतलं, मी रिक्षा थांबवली. इस्पितळात दारातूनच ओरडलो की साखर बघा आधी, साखर. बोटातून रक्त काढून यंत्रावर लावलं तर आकडाच येईना, यंत्राची धाव जिथे संपते त्याच्याही पुढे साखर गेली होती. मग मात्र सगळे पळायला लागले. दोन्ही हातांना सलाईन, इन्सुलिन, मॉनिटर. मी बाजूला उभा राहून त्याच्या जिभेकडे, नखांकडे, छातीवरच्या कातडीकडे बघत होतो. दिवस मावळायला आला तसा श्वास हळू झाला. मग जिभेवर थोडी ओल दिसली. ती ओल बघून मला जो आनंद झाला तो वर्दी मिळाल्याच्या दिवशीही झाला नव्हता. मी विक्रमचा दंड धरून त्याला ती जीभ दाखवली, बघ, बघ म्हणून. नर्सबाईंना वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय.

डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

विक्रमने फोन केल्यावर समीरचे वडील नदाफभाई आणि त्याची आई शिराळ्याहून आले. नदाफभाईंच्या केसांत कापूस अडकलेला, तसेच उठून आले होते. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. “तुमी वक्ताला आलासा साहेब. आमच्यासाटनं अल्लानंच धाडलं तुमास्नी.” आई पदर डोळ्यांना लावून मान हलवत होती.

आणि मी गप्प राहिलो. त्याला बरं वाटत नव्हतं म्हणून घरी पाठवला होता, एवढंच म्हणालो. त्यांनी आणलेला चहाही प्यालो. बाहेर आल्यावर विक्रम म्हणाला, “सांगितलं न्हाईसा व्हय उस्ताद?” मी म्हणालो, ही वेळ आहे का सांगायची. तो मोटरसायकल आणायला स्टँडकडे चालू लागला. 

सकाळी मैदानावर केलं ते रागात झालं होतं. हे दुसरं शुद्धीत केलं. त्या माणसाचे उपकाराचे शब्द मी घेतले, खिशात घातले आणि घरी घेऊन गेलो.

अकादमीत मी सगळं बदलून टाकलं. आता नव्या पोराची साखरेची तपासणी पहिल्याच दिवशी होते. पेल्याचा रंग आम्ही अजून बघतो, पण एकट्या रंगावर कुणाला बसवत नाही की पळवत नाही. दोन खुणा एकमेकींशी भांडायला लागल्या की सरळ डॉक्टर. आणि पाणी भरपूर पिऊनही कुणाची तहान भागत नसेल, वजन उतरत असेल, तर नितळ लघवी बघून खूश होऊ नका. घरातल्या कुणाचं असं होत असेल तर अंक बाजूला ठेवा आणि त्याला आधी तपासून आणा.

हे सगळं करत होतो ते शिराळ्याला जायचं टाळण्यासाठीच. शेवटी एका रविवारी गेलो. दुकानात समीर बसला होता, अंगाने थोडा भरलेला. मला बघून उठला, पाया पडला. या वेळी मी पाय मागे घेतला नाही, पण मान वर करवेना. त्याने मला साखर मोजायचं छोटं यंत्र दाखवलं, बोटाला सुई टोचून आकडा काढून दाखवला. रोज आपणच मोजतो, आपणच इंजेक्शन घेतो म्हणाला. मग सहज म्हणाला की आता भरतीत घेणार नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. त्याचा आजार काही मी दिला नव्हता. पण मैदानावरून तो गेला तो माझ्यामुळे, आणि लबाड म्हणून गेला.

नदाफभाई आत चहा सांगायला गेले होते. मी घाईने, हलक्या आवाजात म्हणालो की समीर, माझं चुकलं, मला माफ कर.

समीर यंत्र डबीत ठेवत राहिला. मग म्हणाला, “उस्ताद, मैदानावर समदी होती. हितं फकस्त गाद्या हायत्या.”

नदाफभाई दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, काय चुकलं? आणि मी सांगितलं. पेला वर धरला ते, तो पुन्हा द्यायला तयार होता ते, मी पाय मागे घेतला ते, कऱ्हाडला त्यांचा चहा प्यालो ते. ते खाली बसले. समोरचा कापूस हाताने पिंजायला लागले. मग म्हणाले, “घरी आल्यापासनं पोरगं बोलत न्हवतं. मला वाटलं बिमारीनं.” एवढंच. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा आला. त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

साताऱ्याला आल्यावर मी सुभेदारसाहेबांना सांगितलं की समीर ट्रंक न्यायला येईल तेव्हा मला सगळ्या तुकड्या मैदानावर हव्यात. साहेबांना पटेना. उस्तादाने पोरांसमोर मान खाली घातली तर उद्या तुमचं कोण ऐकेल, म्हणाले. मी म्हणालो, साहेब, तुम्ही पेल्याकडे न बघता माझा शब्द खरा धरलात, तो शब्द खोटा होता. त्यांनी हजेरीची वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, बोलवा.

समीर वडिलांबरोबर आला. सगळ्या तुकड्या रांगेत उभ्या होत्या. विक्रम पहिल्या रांगेत होता. मी समीरला माझ्या शेजारी उभं केलं, नदाफभाईंना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. मी लिहून काही नेलं नव्हतं. आवाज फुटेल अशी भीती होती, म्हणून परेडला द्यावा तसा मोठा आवाज लावला.

“समीर नदाफनं नळाचं पाणी आणलं नव्हतं. तो नमुना त्याचाच होता, खरा होता. तो आजारी होता आणि मला ते ओळखता आलं नाही. तो माझ्यासमोर पुन्हा द्यायला तयार होता, मी घेतला नाही. विक्रम खरं सांगत होता, त्याला मी चोर म्हणालो. समीरच्या वडिलांनी माझे आभार मानले, तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं नाही. या मैदानावर त्या दिवशी खोटं बोलला असेल तर तो मी. समीर, मला माफ कर. विक्रम, तूही. नदाफभाई, मला माफ करा.”